पेढे मी वाटलेले, चूकही माझी

रिपोर्ट आला तेव्हा मी ठाण्याच्या हॉस्पिटलात बाकड्यावर बसलेलो. सून सुजाता आणि मुलगा महेश डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून बाहेर आले. महेश म्हणाला, "अण्णा, निगेटिव्ह आलं."

बीटा एचसीजी नावाची रक्ताची तपासणी असते. गर्भ रुजला असेल तर त्यात कळतं. सुजाताच्या रक्तात काहीच नव्हतं.

मला पहिली आठवण झाली ती पेढ्यांची. खोटं कशाला लिहू?

मी चौथी शिकलेलो माणूस. तीस वर्षं ठाण्याजवळच्या दिवा गावात पाण्याचा टँकर चालवला, स्वतःच्या हिमतीवर घर घेतलं. कुणाला काही विचारायची मला सवय नाही. आमची ही असती तर तिने विचारलं असतं, पण ती सहा वर्षांपूर्वी गेली.

दोन आठवड्यांपूर्वी सुजाताचं एम्ब्रियो ट्रान्सफर झालेलं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, ट्रान्सफर एकदम छान झालं." मला वाटलं, झालं, दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झालेली. महेश तिला आरामाला कल्याणला माहेरी घेऊन गेला. मी एकटा घरी आलो, दोन किलो पेढे घेतले आणि बिल्डिंगच्या सोळाही घरांत वाटले. छाती काढून वाटले.

ट्रान्सफर म्हणजे काय ते मागाहून कळलं. बाहेर तयार केलेला गर्भ बारीक नळीने गर्भपिशवीत ठेवतात. ठेवणं वेगळं, रुजणं वेगळं. ते कळायला दोन आठवडे जावे लागतात. एक प्रश्न विचारला असता तर नर्सने तिथेच सांगितलं असतं.

रिपोर्ट घेऊन घरी आलो त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "हळू चढ गं सुजाता, आता एकटी नाहीस तू!" सुजाता थांबली. मागे वळून माझ्याकडे बघितलं.

ती घरी ब्लाऊज शिवते. हात असा की डोंबिवलीहून बायका माप द्यायला येतात. पण आता बिल्डिंगची प्रत्येक बाई कापड घेऊन यायची ती आधी पोटाकडे बघायची. "कितवा चालू आहे?" तिसऱ्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली. जेवण सुटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. महेश ड्युटीला गेला की घरात आम्ही दोघंच. बेल वाजली तरी ती उठायची नाही.

मी म्हणालो, "अगं, गिऱ्हाईक परत जातंय. दार उघड."

"अण्णा, पेढे मी वाटलेले का? मग दार मी का उघडू?"

सात वर्षांत पहिल्यांदा उलट बोलली. राग आला मला. पण तिच्या बोलण्यात खोट कुठे होती? चपला घातल्या आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. सोळा दारं. प्रत्येक दारात एकच सांगितलं, "दिवस राहिलेच नव्हते. मला नीट कळलं नाही आणि मी पेढे वाटले. सुजाताला कुणी काही विचारायचं नाही. जे विचारायचं ते मला."

तळमजल्यावरचा माझ्याच वयाचा दोस्त म्हणाला, "काय रे, पेढे परत मागायला आलास काय? ते पचले."

म्हटलं, "पचले ना? मग हेही पचव." तो हसला. खांद्यावर हात ठेवला.

चौथ्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहतात. त्यांनी ऐकून घेतलं, मग दार ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, माझं दोनदा असं झालं. मी कुणाला बोलले नाही. तिला भेटू का?"

म्हटलं, "तिला विचारून सांगतो." हे शब्द माझ्या तोंडून निघाले याचं मलाच नवल वाटलं. सुजाता आधी नको म्हणाली. दोन दिवसांनी स्वतःच वर गेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "तुमचं काही चुकलेलं नाही. जिना चढलात, जड उचललंत, म्हणून असं होत नाही. पुष्कळदा गर्भच पुढे वाढत नाही. आता घाई नको. झोप, साधं जेवण, रोज चालणं. आणि काउन्सेलरना भेटा." काउन्सेलर म्हणजे मनातलं बोलायला बसतात त्या बाई. बोलून काय होणार, असं मला वाटलेलं. पहिल्या वेळी सुजाता रडून लाल डोळ्यांनी बाहेर आली, आणि घरी येऊन महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली. तेव्हापासून मी त्या बाईंना नमस्कार करतो.

पाणी यायच्या वेळी हंडे-बादल्या भरायचं काम मी घेतलं. नाचणीची आंबील करायला शिकलो. पहिली जळली, ती मीच प्यालो. सकाळी सुजाता आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई चालायला जायच्या. सुरुवातीला पंधरा मिनिटांत परत यायच्या, पुढे तासभर पत्ता नसायचा. एक दिवस मी आंघोळीला गेलेलो आणि बाहेर मशीनचा आवाज सुरू झाला. साबण अंगावर तसाच ठेवून ऐकत राहिलो.

तुमच्या घरात असं झालं असेल आणि माझ्यासारखा म्हातारा असेल, तर त्याला एवढंच सांगतो. डॉक्टर काय बोलले ते कळलं नाही तर विचार. त्यात कमीपणा नाही. आणि बातमी तिची आहे, तिलाच सांगू दे.

तीन महिन्यांनी आम्ही तिघं पुन्हा ठाण्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी महेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय ठरलं? पुढचा प्रयत्न कधी करायचा?"

मी म्हणालो, "तिला विचारा."

सुजाता ताठ बसलेली. म्हणाली, "मॅडम, मला अजून वेळ पाहिजे. किती ते आज नाही सांगता येणार. मला वाटेल तेव्हा मी येईन. नाही वाटलं तर तेही येऊनच सांगेन."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. घरातला मोठा काही बोलेल असं त्यांना वाटलं असावं. मी मानसुद्धा हलवली नाही. माझ्या सुनेचं बोलून झालेलं.