लाल दोऱ्याचा टोमॅटो

कंग्राळीचे हे गृहस्थ मला दरवर्षी बेळगावच्या बियाणे महोत्सवात भेटतात. माझ्या रोपांच्या टेबलाला लागूनच त्यांचे गावरान टोमॅटो मांडलेले असतात. नाव मी कधी विचारलं नाही; आम्ही एकमेकांना अण्णा म्हणतो. काहीही बोलले की "व्हय का न्हाय?" विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता बोटांचा वास घ्यायचा, ही त्यांची सवय.

यंदा त्यांच्यापुढं एकच टोमॅटो होता, देठाला लाल दोरा बांधलेला. असला दोरा बियाण्यासाठी राखलेल्या फळाला बांधतात, म्हणजे घरातलं कुणी ते तोडत नाही.

"करप्यानं समदी झाडं गेली, अण्णा. ह्योच ऱ्हायलाय. पर चवीच्या स्पर्धेला रिकाम्या हातानं कसं यायचं? व्हय का न्हाय?"

सकाळभर ते त्याच्यावरचं ओलं फडकं काढत होते, पुन्हा घालत होते. परीक्षकांनी सुरी लावली तेव्हा त्यांनी खाली ओंजळ धरली. रस, बी, सगळं त्यांच्या हातात पडलं. परीक्षकांनी फोड तोंडात टाकली.

"सायेब, बी गिळू नगासा. हितं थुका."

लोक हसले. परीक्षक लाजत थुंकेपर्यंत अण्णांनी हात मागं घेतला नाही.

निकाल लगेच लागला. पहिला नंबर त्यांचाच. स्टेजवर पाहुण्यांनी हात पुढं केला, तर यांनी डाव्या हातानं बक्षीस घेतलं. उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली आणि मनगटावरून रस ओघळत होता.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र वाकून, एखादं बी पडलंय का, म्हणून स्टेजखालची जमीन बघत होतो.