पासपोर्टावरचं आडनाव

"घरांत नाका. हांगाच रांद," म्हातारी म्हणाली. मागल्या अंगणात तीन दगड मांडले होते, तिथे मला उभी करून ती आत गेली.

डिचोलीतलं मोठं घर. म्हातारीच्या मुलाचं मस्कतला हॉटेल आहे. तिथे गोव्याकडचं जेवण रांधणारी बाई त्याला हवी होती. सुट्टीवर आलोय तर हातची चव बघून घेतो म्हणाला. मी आधी धारगळला हायवेवरच्या खानावळीत रांधायची. रस्ता रुंद झाला, खानावळ गेली. तेव्हापासून घरीच. पासपोर्ट मात्र काढून ठेवला होता, आमच्या घरातला पहिला. मस्कत मिळालं तर माझं आणि आईचं दैन्य फिटणार होतं.

फोनवर तो म्हणाला होता, भांडी तुझीच घेऊन ये. मी हरखले. म्हटलं माणूस जाणता दिसतोय, रांधणाऱ्याला आपल्याच टोपाची सवय असते हे त्याला ठाऊक आहे. कसला जाणता! माझा हात लागून त्यांची भांडी बाटली असती, एवढंच होतं ते. आणि मी माझ्या गावाहून, सर्वणहून, बसमध्ये मांडीवर टोप घेऊन आले. मूर्ख.

आत गॅस होता. खिडकीतून दिसत होता. मी बाहेर ओल्या लाकडांवर फुंकर मारत बसले. पाणी मागितलं तर म्हातारी आली, "नळाक हात लावूं नाका," म्हणाली आणि हातभर वरून ओतलं. अर्धं माझ्या पायांवर. अंगाचा तिळपापड झाला. पण अडला हरी. पुन्हा चुलीत फुंकर मारली.

बांगड्यांची उडदमेथी केली. तिरफळं ठेचून घातली. तो व्हरांड्यात पत्रावळीवर जेवला. पुन्हा भात घेतला, पुन्हा कालवण घेतलं, बोटं चाटली. म्हातारीने वाससुद्धा घेतला नाही.

"हात बरो आसा तुजो. तुका व्हरतां हांव," तो म्हणाला. नेतो म्हणाला! छाती भरून आली माझी. एवढं सगळं होऊनही आली, काय करू!

मग म्हणाला, "फकत थंय तुजें आडनांव सांगूं नाका. जेवपाक येतात ते आमचेच लोक. आमचें आडनांव सांग. आमची भाची म्हण."

हो म्हटलं असतं तर काम पक्कं होतं. तोंडाशी आलं होतं. पण आतला सगळा राग एकदम उसळला.

"तुमची भाची अशी भायर रांदता, शेट?"

त्याचं तोंड उतरलं. आतून म्हातारी ओरडली, "पळय, तोंड कितलें चलता तें!" तो म्हणाला, "विचार कर. तुमच्यांतल्यांक इतलें कोण दिता?"

तुमच्यांतल्यांक! मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. म्हटलं, ह्याच नांवान येतलें, ना जाल्यार येवचें ना. आणि निघाले.

घरी आई भडकली. "आडनांवान पोट भरता?" म्हणाली. नाही भरत. तिचंही खरं आहे. पण तिचा जन्म लोकांच्या मागल्या दारी गेला. ते मागलं दार विमानात घालून मस्कतला न्यायला मी तयार नाही.

मी परदेशी जाणार. मस्कत नाही तर कुवेत, नाही तर आणखी कुठे. आता कुणी कामासाठी बोलावलं की आधी आडनाव सांगते, मग रांधण्याचं बोलते. पलीकडचा आवाज बदलला की फोन ठेवते. एका बाईने परवा मध्येच ठेवला. ठेवू दे. माझ्या हातचं ज्याला हवं, त्याने मला पुढच्या दाराने घरात घ्यावं. नाहीतर उपाशी मरावं.