सर्जेरावांच्या टायरातली हवा

चिखलातून आलेल्या जीपचा मडगार्ड खरवडायला घ्या, एक थर निघाला की खाली दुसरा असतोच. आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्सेही तसेच साठलेत. एक सांगायला बसावं तर चार निघतात, आणि चारही भानगडींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. टायरातली हवा!

आम्ही चौघं. जयसिंगपूरचे अण्णा, बियाण्यांचे व्यापारी. कसबा बावड्याचे उत्तमराव, रिटायर झालेले फिटर. मुरगूडचे सर्जेराव, दारात बारा म्हशी आणि एक जुनी जीप. आणि मी, कोल्हापुरात चष्म्याचं दुकान चालवतो. चौघांकडेही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी. दर रविवारी डांबर सोडून चिखलात शिरायचं, अडकायचं, निघायचं आणि मिसळ खाऊन घरी यायचं, एवढाच आमचा उद्योग.

चिखलात शिरण्याआधी टायरातली हवा कमी करायची असते. टायर पसरतं आणि जमीन धरतं. फारच कमी केली तर रिंगमधून निसटतं, जास्त ठेवली तर जागेवर गरगर फिरतं. मग नेमकी किती ठेवायची? हे ज्याचं त्याचं गुपित! आमचे मेंबर एक वेळ एटीएमचा पिन सांगतील, पण हा आकडा सांगणार नाहीत.

* * *

एकदा उत्तमरावांनी अण्णांना सरळच विचारलं, "अण्णा, किती ठेवलीसा?"

"वीस," अण्णा म्हणाले.

उत्तमरावांनीही वीस ठेवली आणि पहिल्याच खड्ड्यात रुतले. अण्णा शेजारून हात हलवत पुढे गेले. उत्तमरावांना संशय आला. बाहेर निघाल्या निघाल्या त्यांनी अण्णांच्या टायरला हवा मोजायचा गेज लावला. पंधरा!

"अण्णा, वीस म्हणालासा की!"

"मग? तुमी इचारलं तवा वीसच हुती. नंतर काढली."

तेव्हापासून उत्तमराव अण्णांना किती वाजले हेही विचारत नाहीत.

* * *

त्यातून गेज कुणाचा खरा, हा एक वेगळाच वाद. एकदा माझ्या टायरला माझा गेज लावला, बावीस. अण्णांचा लावला, पंचवीस. उत्तमरावांचा लावला, एकोणीस.

"तुमचा पडल्याला हाय," अण्णा उत्तमरावांना म्हणाले.

"आणि तुमचा बोलल तसा फिरतोय व्हय?"

पुन्हा लाव, पुन्हा काढ. मी चष्मेवाला म्हणून काटा वाचायचं काम माझ्याकडे आलं, पण टायरही माझंच, त्यामुळे माझ्या वाचण्यावर कुणाचा विश्वास बसेना. अर्ध्या तासाने तिन्ही गेजचं एकमत झालं. नऊ! दर वेळी लावताना-काढताना फुस्स करून थोडी थोडी हवा जात होती, आणि आमचं लक्ष सगळं काट्याकडे.

सर्जेराव बसलेल्या टायराकडे बघून म्हणाले, "मोजून मोजून मारलंसा की रं त्याला!"

* * *

येताना डांबरी रस्त्याला लागलो की हवा पुन्हा भरायची. त्यासाठी वाटेवर एक पंक्चरवाला ठरलेला. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. तीन-चार रविवार त्याने गुपचूप हवा भरली. पाचव्या रविवारी पाइप खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"पावणं, खरं सांगा. गावात कुनासंगं भांडान हाय काय तुमचं?"

"नाही बुवा. का?"

"दर रविवारी तीन-तीन गाड्यांची हवा कोन सोडतंय मग? पोलिसात जावा की!"

"अहो मामा, हवा आम्हीच सोडतो."

म्हाताऱ्याने आम्हा चौघांकडे एकदा नीट बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं बरं. बसा. च्या मागवतो. घरी कोन कोन असतंय तुमच्या?"

* * *

आता सर्जेराव. त्यांचा हवा कमी करण्यावरच विश्वास नव्हता. "गाडीची हवा काढली की गड्याची बी जाती," म्हणायचे. चारही टायरांत टच्च बत्तीस! त्यामुळे मुरगूडच्या पलीकडच्या लाल मातीच्या चढावर त्यांची जीप दर वर्षी निम्म्यात रुतायची आणि ट्रॅक्टर बोलवावा लागायचा. ट्रॅक्टर त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या भावाचा. म्हणजे जीप घरी पोचायच्या आत बातमी घरी!

गेल्या साली जेवताना वहिनींनी आम्हा तिघांच्या पानासमोर उभं राहून सुनावलं, "पुढच्या साली माझ्या भावाचा ट्रॅक्टर लागला, तर गाडी इकायची. भावजी, तुमी साक्षीला."

सर्जेराव भरात म्हणून गेले, "इकतो! शब्द हाय माझा!"

आम्हाला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा भर ओसरला होता. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "गाडी गेली तर रविवारी मी कुटं जाऊ रं?"

मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, "सर्जेराव, हवा तेवढी कमी करा." अण्णांनीही तेच सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. अण्णा पूर्वी कधीतरी बोलून गेले होते की जीप विकायची झाली तर मला सांगा. सर्जेरावांनी डोळे बारीक केले.

"हवा काढ म्हणतोय कोन? अण्णा! गाडी पायजे कुनाला? अण्णालाच! बत्तीसच्या खाली एक बी येनार न्हाय."

वर्षभर आम्ही समजावलं. जितकं समजावू तितका संशय पक्का होत गेला.

* * *

यंदा त्या चढाचा, गणपतीच्या आधीचा रविवार उजाडला. सर्जेरावांनी घरातून निघताना बत्तीस भरली, तीनदा तपासली. निकाल बघायला वहिनीही जीपमध्ये बसल्या. चढाच्या पायथ्याला मेव्हणा ट्रॅक्टर घेऊन तयारच होता. आम्ही शेजारच्या हॉटेलात मिसळ खायला निघालो, पण सर्जेराव जीप सोडून हलेनात. आम्ही हवा काढू, ही भीती! शेवटी त्यांनी वहिनींनाच राखणीला बसवलं.

"ह्या तिघांतला कोन बी टायराजवळ आला की बोंब मारायची!"

"बरं," वहिनी म्हणाल्या.

हॉटेलात त्यांनी आमच्यावरची नजर काढली नाही. अण्णा हात धुवायला उठले, तर हे त्यांच्या मागे. तिघंही शेवटपर्यंत त्यांच्या समोर होतो, म्हणून स्वारी खुशीत होती.

मिसळ खाऊन परत चढाशी आलो. वहिनी खाली उतरून भावाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही वर जाऊन थांबलो. सर्जेरावांनी गाडी घातली. दर वर्षीची रुतायची जागा आली. पण जीप काही थांबली नाही! डुलत डुलत, म्हशीसारखी सावकाश, थेट माथ्यावर आली.

सर्जेराव खाली उडी मारून नाचायला लागले. अण्णांना मिठी मारली. नाचता नाचता नजर टायरांवर गेली. चारही पोटं बाहेर काढून बसलेली!

"हवा! माझी हवा कुनी काढली? अण्णा, तुमीच!"

"मी? मी हात धुताना बी तुमी मागं हुतासा की!"

गाडी वाचली होती, आणि हा माणूस चोर चोर म्हणून ओरडत होता. उत्तमरावांनी गेज लावला.

"मागं सोळा, पुढं अठरा." त्यांनी पुन्हा लावून बघितला. "आयला! आमी तर चारी टायरं सारखीच ठेवतो. पुढं दोन जास्त कशापाय ठेवली आसंल?"

खाली मेव्हणा ट्रॅक्टर वळवून घरी निघाला होता. वहिनी पदर खोचून चढ चढत वर आल्या, जीपमध्ये बसल्या आणि म्हणाल्या,

"इंजिन पुढं हाय न्हवं?"