जोतीराम लांडग्याच्या बाजूने बोलला

जोतीरामचा मला हेवा वाटतो. पंचाहत्तरीत लपवायचं काय? चाळीस वर्षं मी नाटक कंपन्यांतून राजे उभे केले, आणि आता सोलापूरहून कॉलेजची मुलं आमच्या गावी येतात ती या मेंढपाळाला ऐकायला. माळावर त्याच्याभोवती कोंडाळं करून बसतात. माझ्या ओट्यावरून सगळं दिसतं.

यंदा थंडीत ओढ्याकाठच्या बिळात लांडग्याची पिल्लं सापडली. गावातली तीन मेंढरं आधीच गेली होती. सरपंच रावजी म्हणाला, बिळात धूर करू. त्यासाठी सभा ठरली.

सकाळीच जोतीराम ओट्यावर आला. "राजं, मला चारचौघांत बोलता येत न्हाय. तू बोल की. पिल्लं वाचली पायजेत."

"अरे, तुझीही मेंढी खाल्ली ना त्यांनी?"

"खाल्ली की. लई गुणाची व्हती. पर माझा बाप दर साली एक मेंढरू लांडग्याच्या वाट्याचं धरायचा. मीबी धरतो."

मी कबूल झालो. पिल्लांसाठी नव्हे, गर्दीसाठी.

सभेत मी असा आवाज लावला म्हणता! मुकी जनावरं, आईचं काळीज... बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या पडल्या. टाळी पडली की नमस्कार करून बाजूला व्हायचं, ही जन्माची सवय. मी नमस्कार केला आणि बसलो. धूर करू नका, एवढं सांगायचंच राहिलं.

"झ्याक बोलला," रावजी म्हणाला. "आता धुराचं बगू. हात वर करा."

टाळ्या वाजवणारेच हात वर गेले.

मग जोतीराम उठला. आवाज इतका बारीक, की मागचे पुढे सरकले. "रावजी, तीन सालामागं हितं लांडगा नव्हता. तवा तुझ्या ज्वारीत हरणं किती असायची?"

"चाळीसेक."

"दिवसदिवस बसून खायची. लंगडं जगायचं, आजारी जगायचं, पाडसं तर समदीच. आन् औंदा?"

"येत्यात... पर थांबत न्हाईत."

"भ्यात्यात म्हणून थांबत न्हाईत. लांडगा दुबळं तेवढं उचलतो, बाकीच्यांना एका जागी टेकू देत न्हाय. त्याला घालव, मग हरणांमागं तूच पळ."

"पळताना धोतर सांभाळा, भावजी!" मागून जोतीरामची बायको गोजरबाई ओरडली.

हशा पिकला. रावजीनेच हात आधी खाली घेतला. "बरं, ऱ्हाऊ द्या पिल्लं. मेंढरं तेवढी रातच्याला जाळीच्या कुंपणात कोंडा."

टाळी एकही पडली नाही. पण तो बोलत होता तेव्हाची ती शांतता! तशी मला एकाही प्रयोगात मिळाली नव्हती. मी जळालो.

बाहेर येऊन तो म्हणतो, "राजं, तू माणसं धरून ठिवलीस म्हणून जमलं." माझं मन राखायला खोटं बोलला. म्हणजे मोठेपणातही हाच पुढे!

पुढच्या आठवड्यात कॉलेजने त्याला भाषणाला बोलावलं. "माझ्याबदली तूच जा," म्हणाला. मोह झाला, फार झाला. तरी मी माझा ठेवणीतला कोट काढला, त्याच्या अंगात चढवला, बटणं लावून दिली आणि त्याला एसटीत बसवलं.

बाह्या आखूड झाल्या त्याला. मला जरा बरं वाटलं.