मेल्विनने माघार घेतली नव्हती

घरी आलेला माणूस चहा न घेता गेला तर शैलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, दिवसभर रुखरुख लागते. एकदा मेल्विन आमच्याकडे आला तेव्हा त्याने कप हातात घेतला, तसाच परत ठेवला आणि अगदी अजिजीने म्हणाला, "मावशी, ह्याच कपात नुसतं गरम पाणी द्याल?"

"पोट बिघडलंय का रे?"

"नाही. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही."

"तुझे पप्पा माझ्याकडे दोन-दोन कप पितात ते?"

"ते कॅथलिक आहेत, मावशी. मी आता मॉर्मन झालोय."

हा शब्द आम्ही दोघांनीही तेव्हा प्रथमच ऐकला. हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, हे नंतर कळलं. शैलाने गरम पाणी दिलं, बरोबर चकली दिली आणि तो गेल्यावर म्हणाली, "गुणी पोरगा आहे हो. पण चहा पिऊन कुणाचा धर्म बुडालाय का?"

आम्ही शारजात अल नहदाला राहत होतो. मेल्विनचे वडील बस्त्याव रुमाव आमच्याच मजल्यावरचे, मूळचे वसईचे, दुबईत एका हॉटेलात नोकरीला. मी दुबईच्याच देरा भागातल्या एका बांधकाम कंपनीत प्रशासन सांभाळत होतो. बस्त्यावभाऊंच्या शब्दावर मी मेल्विनला नकाशांच्या फायली लावायच्या कामावर घेतलं. आमच्या ऑफिसातल्याच एका फिलिपिनो ड्राफ्ट्समनच्या ओळखीने तो त्या पंथाच्या प्रार्थनेला जाऊ लागला आणि वर्षभरात तिकडचाच झाला.

त्या पंथात एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी मुलं दोन वर्षं धर्मसेवेला जातात. कुठे जायचं ते वरून ठरतं. मेल्विनच्या वाट्याला फिलिपाइन्समधलं एक बेट आलं. आधी मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रात राहून भाषा शिकायची, मग पुढे. पत्र आलं त्या दिवशी तो ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटत फिरला. पेढे देरातल्याच एका दुकानातले होते. म्हणाला, "पप्पा घरात वाटू देईनात, म्हणून इथे."

केंद्रात हजर व्हायला अवकाश होता, पण ह्याने आपलं प्रशिक्षण घरातच सुरू केलं. पहाटे उठून ग्रंथ वाचायचा. सिनेमा बंद, गाणी बंद. फायलींच्या धुळीत पांढरा शुभ्र शर्ट आणि काळा टाय. ड्रायव्हर लोक त्याला "यल्ला, मुदीर आला" म्हणून चिडवत. यल्ला म्हणजे चला, मुदीर म्हणजे मॅनेजर. तो हसून सलाम करायचा. जेवणाच्या सुट्टीत आमच्या रिसेप्शनिस्ट रोझलिनसमोर वही घेऊन बसायचा आणि तागालोग शिकायचा. ती फार कडक होती. उच्चार चुकला की स्टेपलर टेबलावर आपटायची.

"सर, यांच्यात 'कसा आहेस' विचारत नाहीत," एकदा तो मला आनंदाने सांगत आला. "'कुमाइन का ना बा' विचारतात. म्हणजे जेवलास का? अगदी आपल्यासारखंच! आणि मोठ्या माणसाशी बोलताना प्रत्येक वाक्यात 'पो' टाकायचं. 'पो' नसेल तर उद्धटपणा."

तेव्हापासून मी 'सर पो' झालो. घरी मात्र काकाच.

शारजा-दुबईत दुसऱ्याला आपला धर्म सांगायला बंदी आहे. मेल्विनने ती अक्षरशः पाळली. शैलाने एकदा खोदून विचारलं, "तुमच्यात असतं तरी काय रे वेगळं?" तो कानाला हात लावून म्हणाला, "मावशी, इथे परवानगी नाही. दोन वर्षांनी वसईला या, पोटभर सांगतो."

त्याच सुमारास मंदी आली. समोरच्या इमारतीचं काम अर्ध्यावर थांबलं, क्रेन होती त्याच जागी उभी राहिली. आमच्या लिफ्टपाशी रोज नव्या चिठ्ठ्या लागायच्या, सोफा विकणे, वॉशिंग मशीन विकणे. शैला भाव वाचून म्हणायची, "दीडशे दिराम, म्हणजे आपले दोन हजार फक्त!" आणि मग घाईने लिफ्टचं बटण दाबायची, कारण ते सामान कुणाच्या घरातलं हे तिला ठाऊक असायचं. बस्त्यावभाऊंचा पगार अर्ध्यावर आला. आमचा मालक कामासाठी म्हणून बाहेरदेशी गेला तो परतला नाही. कागदोपत्री जबाबदार मी होतो, त्यामुळे हिशेब मिटेपर्यंत मला देश सोडता येत नव्हता.

मेल्विनने राजीनामा दिला त्याच संध्याकाळी बस्त्यावभाऊ माझ्याकडे आले. बाहेर मुलं खेळत होती म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

"साहेब, त्याचा पासपोर्ट देऊ नका."

"अहो, असं कसं?"

"पाद्री व्हायला निघाला असता तर मी गावाला जेवण घातलं असतं. आमचं घर देवळाला लागून, साहेब. माझ्या आईला हे कळल्यापासून ती अंथरुणाला खिळलीय तिकडे वसईत. दोन वर्षं हा आम्हाला भेटणार नाही, फोन वर्षातून दोनदा! दोन महिने थांबवा फक्त. भूत उतरेल. पोर तुमचंच समजा."

कामगारांचे पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायचे ही आमच्याकडची रीत होती. कायद्यात ती बसत नव्हती, पण सगळेच करत. माझ्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ते गठ्ठ्याने असायचे आणि किल्ली माझ्या खिशात. इतकी वर्षं ती किल्ली बाळगून मला वाटू लागलं होतं की माणसांचं भलंबुरं आपल्यालाच कळतं. मी बस्त्यावभाऊंना म्हणालो, "निश्चिंत राहा."

मेल्विनला सांगितलं, व्हिसा रद्द करायला पासपोर्ट मिनिस्ट्रीत गेलाय, मंदीमुळे तिथे गर्दी आहे, येईल इन्शाल्ला. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाय बांधून माझ्या दारात उभा. "वाला पा पो बा, सर?" म्हणजे, अजून नाही का?

"वाला पा," मी म्हणालो. अजून नाही. त्या भाषेतले एवढेच शब्द मी शिकलो आणि ते खोटं बोलायला वापरले.

हे रोज चाललं. मनिलाची ठरलेली तारीख गेली. त्याला दुसरी मिळाली. दरम्यान कंपनीने माणसं कमी केली, ड्राफ्ट्समन गेला, ड्रायव्हर गेले. मेल्विनला आता कामही नव्हतं आणि पगारही. पासपोर्टशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं. रिकाम्या टेबलांमध्ये तो एकटा वहीतली वाक्यं मोठ्याने म्हणत बसायचा. केंद्रात प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, दोघांनी कायम बरोबर राहायचं असतं. ह्याला जोडीदार नव्हता, म्हणून रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारायचा आणि मग तिकडे जाऊन बसून उत्तर द्यायचा. काचेतून मी पाहत असे. एकदा रोझलिन माझ्या केबिनमध्ये फाइल ठेवायला आली, कपाट उघडंच होतं. ती क्षणभर थबकली आणि फाइल ठेवून निघून गेली.

दुसरी तारीख जवळ आली तेव्हा मेल्विनच्या पंथाच्या तिथल्या मंडळीच्या प्रमुखांचा मला फोन आला. सौम्य आवाजाचे अमेरिकन गृहस्थ होते. त्यांनी सरळ विचारलं, मेल्विन म्हणतो पासपोर्ट मिळत नाही, मी काही मदत करू का? कंपनीने पासपोर्ट अडवला हे बाहेर गेलं असतं तर अडचणीत मी आलो असतो. मी म्हणालो, "पासपोर्टचा प्रश्नच नाही. मुलाचंच मन अजून ठरत नाहीये. त्याला जरा वेळ द्या."

ते "समजलो," म्हणाले. दुसरी तारीखही गेली आणि तिसरी कुणी दिली नाही.

तेव्हापासून मेल्विनबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, की ऐन वेळी त्याने कच खाल्ली. त्याच्या मंडळीत हेच म्हणत. आमच्या बिल्डिंगमध्ये हेच म्हणत. परवा बस्त्यावभाऊ गेले. मातीला वसईला गेलो होतो. तिथेही एक म्हातारे नातेवाईक त्याच्या पाठीवर थाप मारून हसत होते, "अरे, हा तर संत व्हायला निघाला होता! भाषा शिकता शिकताच घाम फुटला!" मेल्विन, आता पस्तिशी ओलांडलेला, एका शाळेच्या कचेरीत नोकरी करणारा, नुसता हसला आणि लोकांना पाणी देत पुढे गेला. मी तिथे बसलो होतो. तिथेही माझं तोंड उघडलं नाही. म्हणून हे लिहून त्याच्या नातेवाइकांना आणि त्याच्या मंडळीला पाठवतो आहे. त्याने कच खाल्ली नव्हती. त्याला जाऊ दिलं नाही, मी आणि त्याच्या वडिलांनी. वडिलांनी मायेपोटी सांगितलं. प्रमुखांना फोनवर जे सांगितलं ते माझं एकट्याचं.

मंदीच्या त्या काळात अखेर कंपनी बंद झाली आणि सगळ्यांचे व्हिसे रद्द करावे लागले. अशा माणसाचा पासपोर्ट विमानतळावर आत जाताना त्याच्या हातात द्यायचा, ही दुसरी रीत. मेल्विनचं तिकीट मुंबईचं होतं. बस्त्यावभाऊ गाडी लावायला मागे थांबले होते. मी पासपोर्ट पुढे केला. त्याने पानं उलटली, स्वतःच्या फोटोवर बोट फिरवलं.

"हा मिनिस्ट्रीत गेलाच नव्हता ना?"

"नाही."

"रोझलिन म्हणाली होती. तिने कपाटात पाहिला होता."

"कधी?"

"दुसरी तारीख जायच्या आधी."

काय बोलतोय ते कळायच्या आत मी विचारलं, "मग मागितला का नाहीस रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला खरंच ठाऊक नाही की काय, हे तपासत असल्यासारखं.

"रोज सकाळी मागत होतो की, काका."