ओट्याला धरून

सकाळी गॅसवर दूध ठेवून आई स्वयंपाकाच्या ओट्याला धरते आणि एका पायावर उभी राहते. बाबा हसतात, "बगळा झालीस का गं?" आई साठीच्या पुढची. गेल्या वर्षी मोरीत घसरून पडली, तेव्हापासून एकटी बाजारात जात नाही.

हा व्यायाम मीच सांगितला. उतारवयात पडू नये म्हणून काय करावं, यावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासून लिहिलेला एक अहवाल मी कॉलेजात वाचला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझं बोलणं घरात जरा जास्तच खरं मानतात, आणि मला त्याचीच भीती वाटते.

"आई, पडणं कमी होतं, एवढंच लिहिलंय. पडणारच नाहीस असं नाही."

"बरं. मग कमी पडेन."

इतक्या चिकाटीने ते अभ्यास तपासणाऱ्यांना माझी आई कधी दिसणार नाही. तरी तिची काळजी त्यांनी माझ्याही आधी केली, असं मला वाटत राहतं.

आज तिने ओट्यावरचा हात सोडला. मी घाबरून पुढे झाले.

"धरू नकोस," ती म्हणाली, "बाजारात कोण धरणार आहे मला?"