रिकाम्या टाकीतले मासे

धुळ्यात खाऱ्या पाण्याचे मासे पाळणं म्हणजे डोकं फिरल्याचंच लक्षण. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची गल्लीभर चर्चा चाललेली असते आणि मी बादलीत मीठ ढवळून घरच्या घरी समुद्र तयार करत बसलेली असते. ही हौस माझी नव्हे, धाकट्या भावाची. त्याची पुण्याला बदली झाली, लांबलचक काचेची टाकी काही बरोबर नेता येईना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. त्याच वर्षी आई गेली आणि साक्रीकडच्या गावातून वडलांना, म्हणजे आबांना, मी माझ्याकडे आणलं. तेव्हापासून घरात मी, आबा आणि मासे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त बघायचं आणि घरी येऊन मिठाचं पाणी, असा आमचा संसार.

आबांच्या डोळ्यांचा पडदा झिजला आहे. उजेड कळतो, रंगाचे ठिपके हलताना कळतात, पण समोर उभ्या माणसाचा चेहरा कळत नाही. आई गेल्यावर ते बोलायचेच थांबले. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. फक्त संध्याकाळी टाकीचा दिवा लागला की खुर्ची ओढून समोर बसत आणि तोंड उघडत. गावी दिवस मावळताना ओट्यावर बसून कोणतं जनावर परतलं, कोणतं मागे राहिलं हे बघायची त्यांची जन्माची सवय. ती इथे माशांवर आली. "पिवया उना. निया दगडमांगे दपेल शे." म्हणजे पिवळा आला, निळा दगडामागे लपला आहे. तेवढं बोलणं चालू आहे तोवर आबा आहेत, ते थांबलं की आबा संपले, असं मी मनाशी धरून होते. म्हणून ते मासे जगवणं ही माझ्यासाठी हौस राहिली नव्हती.

नवा मासा थेट टाकीत सोडायचा नाही, हा पहिला नियम भावाने मला दहा वेळा बजावला होता. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात मासा आला की तो आधी मागच्या खोलीत जायचा. तिथे एक उघडीबोडकी टाकी, वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे आणि पाण्यात तांब्याचं औषध. महिनाभर तिथे काढला आणि अंगावर काही उठलं नाही, तरच बाहेरच्या टाकीत प्रवेश. मागच्या खोलीची जाळी वेगळी, बादली वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. तिथला ओला हात इथे लावायचा नाही. आई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची तेव्हा तिच्याशी कडाकडा भांडलेली मी, आता एका बोटाएवढ्या माशासाठी शिवाशिव पाळत होते. आई असती तर पोट धरून हसली असती.

नियम मी कधी मोडला नाही. पण दुकानदाराने एकदा खोक्यात एक दगड भेट म्हणून घातला. त्यावर हिरवं, गवतासारखं हलणारं प्रवाळ होतं. तो मी धुऊन टाकीत ठेवला. दगडाच्या पोटातही आजार असतो हे कुणाच्या डोक्यात येणार?

थोड्याच दिवसांत पिवळ्या माशाच्या परांवर रव्याचे दाणे पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग नारिंगी जोडीच्या अंगावर, मग निळ्याच्या. मी पिवळ्याच्या अंगावरचा चिकटा अलगद काचपट्टीवर घेतला आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक गोल, गढूळ जीव जागच्या जागी सावकाश गिरक्या घेत होता. एवढी वर्षं मी जंतू बघते आहे, पण याला बघताना मान अवघडली. त्याला कसलीच घाई नव्हती.

आणि मग एके सकाळी ठिपके गेले. सगळ्यांचे. मासे लख्ख. भाऊ फोनवर म्हणाला, "चला, सुटलो ताई." मी म्हटलं, "गाढवा, आता तर अडकलो." कारण हा जीव माशाच्या अंगावर पोटभर खातो आणि मग स्वतःहून सुटून खाली वाळूत उतरतो. तिथे स्वतःभोवती कवच घेऊन बसतो, आतल्या आत एकाचे शेकडो होतात आणि ते सगळे एकदम मासा शोधत वर येतात. मासे स्वच्छ दिसत असतात तेव्हा तो खाली तयारी करत असतो. त्या सकाळी मी टाकीकडे पाहिलं. निवळशंख पाणी, पांढरी वाळू, कुठे काही हलत नव्हतं.

उपाय एकच. सगळे मासे मागच्या खोलीत तांब्याच्या पाण्यात हलवायचे आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवायची. खायला मासा मिळाला नाही की ते जीव उपाशी मरतात. मोठ्या टाकीत ते औषध घालता येत नाही, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. त्याच प्रवाळासाठी दिवा मात्र रोज लावावा लागतो. म्हणजे बाहेरच्या खोलीत उजळलेली रिकामी टाकी, आणि तिच्यात न दिसणारं काहीतरी भुकेने मरतंय, असा देखावा.

मासे हलवले त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगणार होते. कणीक भिजवत मनात वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. "उना पिवया. आज मजामा शे."

मी तशीच हात बरबटलेली बाहेर आले. आबा नेहमीसारखे खुर्चीत, काचेजवळ वाकलेले. टाकीत दगड होते, वाळू होती, एक गोगलगाय काचेवर चिकटली होती. आबांची मान उजवीकडून डावीकडे हळूहळू वळली, कुणाच्या तरी मागे मागे जावी तशी.

"बठ्ठा शेतस," सगळे आहेत, ते म्हणाले. "तू काम कर वं."

मी परत जाऊन कणीक मळली. दुसरं करणार काय?

भाऊ म्हणाला, जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. मी एसटीने घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "नजर गेली की मेंदू रिकाम्या जागी स्वतः चित्रं काढतो. हे वेड नव्हे, घाबरू नका." मला हायसं वाटलं. परतीला एरंडोलला गाडी थांबली तेव्हा मी आबांना चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं. त्यांनी चहा प्यायला आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून गप्प. घरी आलो, दिवा लावला, आणि लगेच, "नारिंगी दोन्हीबी शेतस." डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं, पण ते घरी घेऊन आल्यावर काही उपयोगाचं वाटेना.

मग ती संध्याकाळ आली. आबा बराच वेळ काचेजवळ वाकून शोधत होते. शेवटी म्हणाले, "पिवया नही उना आज. वाट देखी देखी थकनू."

मी मनाशी हसतच मागच्या खोलीत गेले. पिवळा उघड्या तळावर आडवा पडला होता. तोंड किंचित उघडं, रंग मात्र तसाच, हळदीसारखा. सकाळी मी त्याला खाताना बघितलं होतं. आबांनी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि तिथे काय आहे हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

योगायोग, योगायोग, असं म्हणत मी त्याला कुंडीत पुरलं. पण त्या दिवसापासून मी बदलले, हे खरं. लॅबमध्ये पुराव्याशिवाय शब्द न काढणारी मी, घरी आले की मागच्या खोलीत जाण्याआधी आबांना विचारू लागले. "आबा, कोण कोण उनं?" ते मोजून सांगत आणि मग मी निवांत. एकदा म्हणाले, "निया दमेल दिसस," तर मी धावत गेले. हवेच्या पंपाची पिन सैल होऊन पंप बंद पडलेला, आणि निळा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होता. वाचला. रिकाम्या टाकीने वाचवलेला मासा.

आणखी एक गोष्ट झाली, ती मी भावालाही सांगितलेली नाही. एका संध्याकाळी आबा म्हणाले, "आज एक नवा शे. काया."

आमच्याकडे काळा मासा कधीच नव्हता. मी विचारलं, काय करतोय? "काहीच नही. उभा शे. तुनाकडे देखी ऱ्हायना."

मला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. या टाकीत नवं काही येणार तर माझ्या हातून, मागच्या खोलीतून, महिनाभर तपासून. हा न विचारता आत आलाच कसा? मी अगदी टाकीला नाक लावून बघितलं. काचेत माझाच चेहरा दिसला. काही दिवसांनी आबांनी त्याचा विषय काढणं सोडलं आणि मीही तो गेला का हे विचारलं नाही.

महिने भरले. दिवाळी तोंडावर होती. मी पाणी तपासलं आणि उरलेले तिघे, नारिंगी जोडी आणि निळा, परत मोठ्या टाकीत सोडले. मला सण आल्यासारखं वाटत होतं. दिवा लावला, आबांची खुर्ची स्वतः ओढून दिली. नारिंगी दोघं सरळ काचेशी आली, आबांच्या नाकासमोर शेपट्या हलवत राहिली.

आबा बसले. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली. परत वळवली.

"टाकी रिकामी शे का वं?"

"आबा, हे बघा ना, समोरच आहेत." मी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. नारिंगी मादी त्या बोटाला आतून चावायला आली.

"कोनीच नही," ते म्हणाले. "मासा कोठे गयात?" आणि उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीपर्यंत आलेच नाहीत. दिवा लागल्यावर मी हाक मारली तर म्हणाले, तठे कोण शे? जेवणातली भाकरी अर्धी ताटात राहू लागली. भाऊ फोनवर खूश. "बरं झालं ताई, भास गेले. डॉक्टर म्हणालेच होते, जाऊ शकतात." मी फोन ठेवला आणि माझा बांध फुटला. आईच्या वेळीसुद्धा मी एवढी रडले नव्हते.

सकाळी उठून मी मागच्या खोलीतली कोरडी टाकी धुतली. मीठ ढवळलं, पाणी भरलं, पाइपाचे तुकडे टाकले. धडधाकट तीन मासे, अंगावर ठिपका नाही, आणि मी त्यांना जाळीने पकडून पुन्हा मागे नेत होते. निळा दगडामागे दडून बसला, त्याने दुपारपर्यंत दमवलं. भावाला हे सांगायची सोय नाही. कुणालाच नाही.

संध्याकाळी दिवा लावला. वाळू, दगड, हिरवं प्रवाळ, दुसरं काही नाही. आबांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं आणि मागे उभी राहिले. मग त्यांची मान हलली, सावकाश, डावीकडे.

"उनात," ते म्हणाले. "बठ्ठा उनात." आणि शेजारी हात थोपटून मला म्हणाले, "आज तूबी बठ. देख कितला शेतस."

मी खाली फरशीवर बसले आणि बघू लागले. आबा कोण कुठे आहे ते बोटाने दाखवत होते आणि मी त्या बोटामागे डोळे फिरवत होते. मला काहीच दिसलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.